नावडते साहेब

जालना जिल्ह्यातील अंबड गावच्या एका जुन्या वाड्यात शुक्रवारची रात्र मुलांना सणासारखी वाटे. त्या रात्री दूरचित्रवाणीवर ‘सीआयडी’ ही मालिका लागे. १९९८ साली सुरू झालेली ही मालिका २०१८ पर्यंत चालली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा आली. शिवाजी साटम यांनी रंगविलेले प्रद्युम्न मुलांना फार आवडत. आणि दयाने एका धडकेत बंद दार फोडले, की टाळ्यांनी वाडा दुमदुमून जाई.

नावडते होते ते वरिष्ठ अधिकारी चित्रोळे. ते मधूनच येत, नियमांवर बोट ठेवीत आणि पथकाच्या चुका काढीत. ते दिसले, की मुले नाके मुरडीत.

“हे साहेब नसते, तर गुन्हेगार केव्हाच सापडला असता!” थोरला नातू एकदा चिडून म्हणाला.

वाती वळीत बसलेल्या आजीने विचारले, “तोच गुन्हेगार, हे तुला कशावरून ठाऊक?”

“आत्ताच नाही का दाखवलं!”

“तुला दाखवलं रे. खऱ्या पोलिसाला कोण दाखवणार?”

नातू निरुत्तर झाला. आजी हलक्या आवाजात म्हणाली, “मी लहान असताना रझाकारांनी आपलं दार असंच फोडलं होतं. आत चोर नव्हता. तान्ह्या बाळाला घेऊन माझी आई बसली होती. त्यांना ‘थांबा’ म्हणणारा कोणी साहेबच नव्हता.”

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. १९५० साली भारताची राज्यघटना अमलात आली. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे तिचा अनुच्छेद २२ सांगतो. झडतीच्या वेळी पंच लागतात. आणि केवळ पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीवरून सामान्यतः कोणालाही दोषी ठरविता येत नाही. हे नियम चोराला वाचविण्यासाठी नाहीत. चोर कोण, हे अजून ठरलेले नसते, म्हणून ते आहेत.

मालिकेतले साहेब नेहमीच बरोबर असत, असे नाही. त्यांची वाणीही कडू होती. परंतु पुढच्या शुक्रवारी त्यांनी “पुरावा कुठे आहे?” असे विचारले, तेव्हा थोरल्या नातवाने नाक मुरडले नाही. त्याने एकवार वाड्याच्या जुन्या दाराकडे पाहिले.