जुन्या मोटारीची पारख

जुनी वस्तु विकत घेणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती कोणत्याही विद्यापीठांत शिकविली जात नाहीं. नवी वस्तु घेणाऱ्याजवळ पैसे असले म्हणजे पुरे. तिच्या गुणांची हमी विकणारा देतो, आणि दोष निघालाच तर भांडण्यास जागा असते. जुनी वस्तु मात्र आपला सारा पूर्वेतिहास बरोबर घेऊन येते, आणि तो आपण होऊन सांगत नाहीं. तो तिच्याकडून काढून घ्यावा लागतो. त्यांतून ती वस्तु मोटार असेल, आणि ती केवळ कचेरीस जाण्यायेण्यासाठीं नसून स्पर्धेंत पळविण्यासाठींही हवी असेल, तर मोटारीची कसोटी लागण्यापूर्वीं घेणाऱ्याच्या विवेकाची कसोटी लागते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत आमच्या पुतणीच्या घरीं दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां ही विद्या आम्हांस जवळून पाहावयास मिळाली. पुतणी यंत्रशास्त्राची पदवीधर असून डेट्रॉइटच्या परिसरांत नोकरी करते. तिला ऑटोक्रॉस नांवाच्या मोटार-स्पर्धेची हौस लागली होती आणि त्यासाठीं एक लहानशी जुनी मोटार घ्यावयाची होती. इकडे सांगलीहून निघतांना आमचे वडील बंधु, म्हणजे तिचे वडील, ह्यांनीं आम्हांस बजाविलें होतें, "तिला ह्या वेडापासून परावृत्त कर. तें न जमलें तर निदान खरें काय आहे तें मला कळीव." दादांचें हें भय पोकळ नव्हतें. वीस वर्षांपूर्वीं महामार्गावर समोरून आलेल्या मालमोटारीशीं टक्कर होऊन त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. तेव्हांपासून 'वेग' हा शब्द आमच्या घरांत कोणी सहजासहजीं उच्चारीत नाहीं. तेव्हां आमच्याकडे आलेलें काम पाहुण्याचें नव्हतें, साक्षीदाराचें होतें.

ऑटोक्रॉस हा शब्द वाचकांपैकीं पुष्कळांस नवा असेल. इंग्लंडांत तो गवताच्या अगर मातीच्या मैदानावरील शर्यतीस लावतात. अमेरिकेंत त्याचा अर्थ निराळा आहे. एखादें विस्तीर्ण वाहनतळ किंवा विमानतळाची न वापरली जाणारी फरसबंदी घ्यावयाची, तीवर रबरी शंकु मांडून नागमोडी वाट आंखावयाची, आणि त्या वाटेनें एका वेळीं एकच मोटार सोडावयाची. प्रतिस्पर्धी शेजारीं नसतो. तो घड्याळांत असतो. एक फेरी साधारण मिनिटाभराची. एक शंकु पाडला कीं दोन सेकंदांचा दंड. वाट चुकली कीं ती फेरीच बाद. दोन सेकंद म्हणजे किती, असें आपणांस वाटेल. पण जेथें निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात तेथें दोन सेकंद म्हणजे सर्वनाश होय. ह्या खेळाचें नियमन करणारा अमेरिकेंतील मोठा संघ, स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ सालीं स्थापन झाला. त्याची ह्या प्रकारांतील राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासूनची. ती २००९ सालीं नेब्रास्कांतील लिंकन येथें आली, आणि तीत हजाराहून अधिक स्पर्धक उतरतात.

आम्ही पुतणीबरोबर प्रथम एक स्पर्धा नुसती पाहण्यासाठीं गेलों. तेथील शिस्त पाहून आम्हांस आपल्याकडील परीक्षा-मंडपाची आठवण झाली. सकाळीं प्रत्येक मोटारीची तपासणी होते: बॅटरी घट्ट बांधली आहे कीं नाहीं, चाकांत खेळ आहे काय, कोठें तेल गळतें काय, आंत एखादी सुटी बाटली तरी लोळत नाहीं ना. डोक्यास हेल्मेट पाहिजेच. त्यानंतर सारे स्पर्धक ती वाट पायीं चालून येतात, एकदां नव्हे तर तीनचारदां, आणि प्रत्येक वळण मनांत घोकतात. ज्यांची पाळी नसते ते मैदानांत उभे राहून दुसऱ्यांनीं पाडलेले शंकु पुनः जागेवर ठेवतात. मग तो कारखान्याचा अधिकारी असो कीं विद्यार्थी असो. वेग सहसा हमरस्त्यावरील वेगाच्या पलीकडे जात नाहीं. समोरून कोणी येत नाहीं, आणि वाट चुकलेल्या मोटारीस आदळण्याजोगें जवळपास कांहींही ठेवलेलें नसतें. दादांस पाठवावयाच्या हकीकतीचें पहिलें कलम आम्हीं त्याच दिवशीं मनांत लिहून टाकलें.

परंतु धोक्याचा प्रश्न सुटला तरी पैशाचा प्रश्न राहिलाच होता. पुतणीनें साठविलेले दहा हजार डॉलर, आणि त्यांतच रोजच्या वापरासही चालेल अशी एकच मोटार. येथें प्रथम कळलें तें हें, कीं जलद मोटार आणि जिंकणारी मोटार ह्या दोन भिन्न वस्तु आहेत. संघानें मोटारींचे अनेक वर्ग पाडिले आहेत, आणि प्रत्येक मोटार आपल्या बरोबरीच्यांशींच झुंजते. मूळ स्वरूपाच्या जवळ राहणाऱ्या गाड्यांचा जो 'स्ट्रीट' वर्ग, त्यांत थोडेच बदल चालतात: धक्के सोसणारे शॉक अब्सॉर्बर बदलावे, पुढचा किंवा मागचा एक आडवा दांडा बदलावा, आणि टायर घ्यावे ते झिजेचा अंक किमान २०० असलेले, म्हणजे निव्वळ शर्यतीचे नव्हेत. स्प्रिंगा बदलल्या कीं मोटार त्या वर्गांतून उठून अधिक बलवान गाड्यांच्या पंक्तीस जाऊन बसते. नियमांचें पुस्तक दरवर्षीं नवें निघतें. पुतणीनें मोटार पाहण्याआधीं तें पुस्तक वाचून काढलें होतें, आणि ही गोष्ट आम्हांस फार आवडली.

दुसरी गोष्ट गणिताची. मोटार वळते तेव्हां तिचें वजन आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतें. किती सरकतें, हें शाळकरी मुलासही काढतां येईल: गुरुत्वमध्याच्या उंचीस डाव्याउजव्या चाकांमधील अंतरानें भागावें आणि वळणाच्या जोरानें गुणावें. समजा, वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका आहे आणि चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंचीवर असेल तर एकतृतीयांश वजन सरकून आंतल्या चाकांवर शेंकडा १७ च उरतें. तोच ६० सेंटिमीटरवर असेल तर शेंकडा १० च उरतें. आणि टायरचा स्वभाव असा, कीं भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाहीं. ती थोडी कमीच भरते. म्हणून उंच आणि अरुंद गाड्यांस ह्या खेळांत प्रवेशच नाकारतात, आणि ठेंगणी, हलकी मोटार अंगांत थोडें बळ असूनही वळणावर बलाढ्यांस मागें टाकते.

हें सत्य नवें नाहीं. अलेक इसिगोनिस ह्या अभियंत्यानें १९५९ सालीं अवघ्या दहा फुटांची मिनी मोटार रस्त्यावर आणली. इंजिन आडवें बसविलेलें, चाकें दहा इंचांचीं, आणि चारही चाकें चार कोपऱ्यांस. ती काढली होती गृहस्थांच्या बाजारहाटासाठीं. परंतु तिच्याच कूपर एस ह्या भावंडानें १९६४, १९६५ आणि १९६७ सालीं मॉन्टे कार्लोची अवघड स्पर्धा जिंकली. आकाराचा अभिमान बाळगणाऱ्यांस तेव्हां जो धडा मिळाला तो वाहनतळावरील शंकु आजही शिकवीत असतात.

आतां स्थळें पाहण्यास आरंभ झाला. यादीवर तीन प्रकार होते. पहिला, माझ्दा कंपनीची मिआटा, १९८९ पासून निघालेली दोन आसनांची उघडी मोटार. पहिल्या पिढींत तिचें वजन साडेनऊशें किलोच्या आसपास, आणि जोर मागच्या चाकांस. दुसरा, २००६ ते २०११ मधील होंडा सिव्हिक एसआय. पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी वळणावर असली कीं आंतलें चाक हलकें होतें आणि इंजिनाचा जोर त्याच वाटेनें फुकट जातो. तो अडवून धरणारा डिफरन्शियल ह्या गाडींत मुळांतच बसविलेला असतो. तिसरा, अमेरिकेंत २०१४ ते २०१९ ह्या वर्षांत विकलेली फोर्ड फिएस्टा एसटी: १.६ लिटरचें टर्बो इंजिन, १९७ अश्वशक्ति, आणि वळणावर मागचें आंतलें चाक उचलण्याची कुत्र्यासारखी खोड.

पहिली पाहिलेली मोटार दिसण्यांत दृष्ट लागण्यासारखी होती. मालकानें तिच्यावर अपार खर्च केला होता. स्प्रिंगा बदलून तिला जमिनीलगत बसविलें होतें, आणि त्या साऱ्या खर्चाची भरपाई तो किंमतींत मागत होता. पुतणी शांतपणें म्हणाली, "काका, ह्यानें पैसे घालून मोटार सुधारली, आणि सुधारून तिला वरच्या वर्गांत ढकललें. तिथें ती हरणारच." दुसरी मोटार खालून पाहिल्यावर सोडावी लागली. मिशिगनमध्यें हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात. तें बर्फ वितळवितें खरें, पण लोखंडही खातें. दारांखालील पत्रा बोटानें दाबतांच पापुद्र्यासारखा निघाला. वरचा रंग मात्र आरशासारखा होता.

तिसरी मोटार एका सेवानिवृत्त शिक्षकाची फिएस्टा होती. इंजिन थंड असतांनाच पुतणीनें तें सुरू करविलें, कारण गरम इंजिन आपले रोग लपवितें. वरच्या गियरमध्यें एकदम जोर देऊन क्लच घसरतो काय तें पाहिलें. चाकें उचलून हातानें हलविलीं. चारही टायर सारखे झिजले आहेत काय तें बोटांनीं चाचपलें, कारण एकच कड झिजली असेल तर चाकांची रेषा बिघडलेली असते, कधीं सांगाडाही वांकलेला असतो. सतरा अक्षरांकांचा ओळख-क्रमांक काचेखालीं आणि मालकीच्या कागदावर एकच आहे ना, आणि त्या कागदावर 'अपघातांत निकालांत निघालेली' असा शिक्का नाहीं ना, हेंही पाहिलें. म्हातारेबुवा हंसून म्हणाले, कीं आजवर इतक्या बारकाईनें कोणी पाहिलें नव्हतें. पुतणी आमच्या कानांत मराठींत म्हणाली, "काका, स्थळ पाहतांना लोक इतकी चौकशी करीत नाहींत." ह्यावर काय बोलावें? तिच्यासाठीं गेलीं दोन वर्षें स्थळें पाहणाऱ्या मंडळींत आम्हीही होतों. मग त्या गृहस्थांनीं घरांतून एक जाड वही आणली. तीत तेल बदलल्याच्या प्रत्येक दिवसाची नोंद, पावतीसह, होती. वही पाहतांच मोटार ठरली. रंगावर ओरखडे होते. पण ओरखड्यांनीं सेकंद वाढत नाहींत.

सौदा साडेसात हजारांस झाला. उरलेले अडीच हजार ती उधळील असें आम्हांस वाटलें नव्हतें, आणि तिनें उधळलेही नाहींत: टायरांचा एक संच, ब्रेकचें तेल व अस्तरें, हेल्मेट, प्रवेश-फी, आणि बाकीचे अडीअडचणीस. जुनी वस्तु घेणाऱ्यानें किंमत म्हणजे खर्च असें समजूं नये. किंमत हा खर्चाचा आरंभ असतो.

पहिल्या स्पर्धेंत पुतणी आपल्या वर्गांतील अकरांपैकीं नववी आली. पहिल्या फेरींत दोन शंकु पडले. शेवटच्या फेरींत एकही नाहीं, आणि वेळ चार सेकंदांनीं उतरला. मोटार तीच, टायर तेच, वाट तीच. चार सेकंद आले कोठून? ते तिच्या स्वतःच्या हातांतून आणि डोळ्यांतून आले. आमच्या मतें जुन्या, साध्या, न सजविलेल्या मोटारीचा सर्वांत मोठा गुण हाच. ती मालकाची चूक झांकीत नाहीं आणि त्याचें श्रेयही चोरीत नाहीं. नवी, महागडी मोटार घेऊन हरणारास मोटारीस दोष देतां येत नाहीं, आणि जिंकणारास स्वतःस शाबासकी देतां येत नाहीं. तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवून आम्ही विद्यार्थ्यांस जें सांगत आलों, कीं कारण शोधावयाचें असेल तर बाकीच्या गोष्टी कायम ठेवाव्या, तें येथें एका वाहनतळावर मिनिटामिनिटाच्या फेऱ्यांनीं सिद्ध होत होतें.

दादांस आम्ही सविस्तर पत्र लिहिलें. परावृत्त केलें नाहीं, हें पहिल्याच ओळींत सांगितलें. कां केलें नाहीं, तें पुढील चार पानांत. समोरून कोणी येत नाहीं, हें दोनदां लिहिलें. मुलगी वेगाच्या नादीं लागलेली नसून वेग ताब्यांत ठेवण्याची विद्या शिकत आहे, आणि दहा हजारांतले अडीच हजार राखून ठेवणारी मुलगी वेडी नसते, हेंही लिहिलें. आठ दिवस कांहींच आलें नाहीं. मग मोबाइलवर निरोप आला, नेहमींसारखाच त्रोटक: "टायर इतक्या लवकर झिजत असतील तर त्यांचा हिशेब वेगळा ठेव म्हणावें. आणि मोटार जुनी घेतली तें ठीक. हेल्मेट मात्र जुनें घेऊं नको म्हणावें."