आमच्या मंडळाच्या गाडीचे ब्रेक

५ डिसेंबर २०१७ ची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन, म्हणून आम्ही नाशिकहून चैत्यभूमीला निघालो होतो. मंडळाची जुनी डिझेल गाडी आणि आत आम्ही दहा जण. माझी आई, महिला मंडळाच्या ताई, तीन वयस्क उपासिका आणि सात महिन्यांचे लेकरू घेतलेली शेजारची सून. ओखी वादळामुळे भर डिसेंबरात पाऊस लागला होता. कसारा घाट उतरून खाली चहाला थांबलो. जागा अडचणीची, म्हणून ड्रायव्हर भाऊने गाडी तीन-चार वेळा मागे-पुढे करून लावली.

अर्ध्या तासाने निघालो तर गाडी ओढेना. भाऊ म्हणाला, "इंजिन थंड झालंय, दादा." मीही मान डोलावली. शहापूरच्या अलीकडे आई म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय बघ." खाली उतरून पाहतो तो मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता. एक जण पाण्याची बाटली घेऊन धावला, पण भाऊने त्याचा हात धरला. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर पाणी ओतले की तो तडकू शकतो. सगळी मंडळी रस्त्याच्या कडेला छत्र्या धरून उभी राहिली. लेकरू रडत होते. शेवटी बायाबापड्यांना रिक्षाने आसनगाव स्टेशनवर नेले, तिथून लोकलने दादर. चैत्यभूमीवर पोहोचलो, पण माझे चित्त त्या चाकापाशीच होते. ते चाक घाटात जाम झाले असते तर?

मी कारकून माणूस. बी.कॉम.ला घसारा शिकलो तो वहीतला. ब्रेकच्या लायनरचा घसारा काय असतो हे मला त्यानंतरच्या आठवड्यात एका मिस्त्रीकाकांनी शिकवले. काका तीस-पस्तीस वर्षे हायवेवरच्या गॅरेजात काम करणारे, आपल्याच वस्तीतले. हाताखाली त्यांचा पुतण्या, आय.टी.आय. झालेला. दोघांनी मागची दोन्ही चाके खोलली आणि मला जवळ बसवून घेतले.

ड्रम म्हणजे पालथ्या डब्यासारखी बिडाची वस्तू, ती चाकाबरोबर फिरते. आत अर्धचंद्रासारखे दोन शू असतात, त्यांच्यावर लायनर. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. लायनर झिजत गेला की शू आणि ड्रम यांतले अंतर वाढते आणि पेडल खोल जाऊ लागते. ते अंतर पुन्हा कमी करायचे म्हणजे ब्रेक ॲडजस्ट करायचे. त्यासाठी दोन शूंच्या खालच्या टोकांमध्ये एक स्क्रू असतो, त्याला दातेरी चाकी. चाकी फिरवली की स्क्रू लांब होतो आणि शू बाहेर सरकतात.

पूर्वीच्या गाड्यांत ही चाकी हातानेच फिरवावी लागे. आमच्या गाडीत ते काम आपोआप होण्याची सोय होती. एक बारीक केबल, एक खटका आणि एक स्प्रिंग. गाडी मागे घेताना ब्रेक दाबला की शू थोडा फिरतो, केबल ओढली जाते आणि खटका वर उचलला जातो. लायनर पुरेसा झिजला असेल तर खटका पुढच्या दात्यावर बसतो आणि पेडल सोडले की चाकी एक दाता फिरते. युक्ती मोठी हुशारीची आहे, पण तिचे सगळे भाग धड असले पाहिजेत.

आमचे नव्हते. डाव्या आणि उजव्या चाकाच्या स्क्रूचे आटे एकमेकांच्या उलटे असतात. गाडी आमच्याकडे २०१५ साली आली, त्याआधी कोणीतरी डावीकडचा स्क्रू उजवीकडे बसवला होता. त्यामुळे उजवे चाक प्रत्येक वेळी आवळण्याऐवजी सैल होत गेले. मागचा सगळा भार डाव्या चाकावर पडला. घाटात तो ड्रम तापून फुगला. फुगलेल्या ड्रमपर्यंत पोचायला शूला जास्त लांब जावे लागते. खटक्याला वाटले, लायनर झिजला. चहाच्या जागी आम्ही गाडी मागे-पुढे केली तेव्हा त्याने आणखी दाते घेतले. आम्ही चहा पीत होतो तोवर पावसाने ड्रम निवला, आकसला आणि शूंवर चिकटून बसला. आम्ही तसेच निघालो.

आता पुढे काय, यावर काका-पुतण्याचे जुंपले. पुतण्या म्हणाला, "नवीन किट टाकू. कंपनीने डोकं चालवूनच बनवलंय ना!" त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण त्या जुन्या मॉडेलचे डावे-उजवे भाग मिळता मिळेनात. पुतण्या दोन दिवस बाजार धुंडाळून आला, हाती लागले ते झिजलेल्या धारेचे खटके आणि ताणलेल्या केबली. तेव्हा काका म्हणाले, "अर्धवट आपोआपपेक्षा पुरतं हातानं बरं."

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे, म्हणून मी आधी आर.टी.ओ. कडे लेखी अर्ज केला. ब्रेकची तपासणी करून घेतल्यावरच गाडी रस्त्यावर आणली. मंडळाच्या बैठकीत काहींना हा माझा कारकुनी सोपस्कार वाटला. वाटो.

प्रत्यक्ष काम दुपारभराचे होते. केबल, तिची वाटी, खटका आणि खटक्याची स्प्रिंग काढली. दातेरी चाक्या ठेवल्या, पण आटे साफ करून, ग्रीस लावून आणि ज्या त्या बाजूला नीट बसवून. खुबी पुढेच आहे. खटका चाकी फिरवतो तसा तिला अडवूनही धरतो. तो नुसता काढून टाकला तर हादऱ्यांनी चाकी आपसूक सैल होत जाईल. म्हणून दोन शूंना खाली जोडणारी स्प्रिंग जुन्या पद्धतीची घ्यावी लागते, तिचे वेढे चाकीच्या दात्यांवर दाबून बसतात. काही जण फक्त केबल कापून मोकळे होतात, असे काका म्हणाले. त्यांनी ते शिव्या घालूनच सांगितले, त्या इथे लिहीत नाही.

ड्रममधली काळी भुकटी पुतण्या हवेच्या पाइपने उडवायला निघाला तेव्हा काकांनी त्याला ओल्या फडक्याने पुसायला लावले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते फुफ्फुसात गेले की वर्षानुवर्षांनी जीव घेते. गॅरेजात काम करणारी आपल्या वस्तीतली पोरे किती आहेत हे आठवून पाहा आणि घरात एवढे तरी जरूर सांगा.

ॲडजस्ट करायचे ते असे. पुढच्या चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक सोडायचा, मागची बाजू जॅकवर घेऊन खाली भक्कम ठोकळे द्यायचे. नुसत्या जॅकवर कधीही हात घालू नये. चाकामागच्या पत्र्यातले रबरी बूच काढून पेचकसाने चाकी फिरवायची. चाक हाताने फिरेनासे झाले की उलट खटके मोजत सैल करायची, चाक मोकळे फिरून जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतकी. दोन्ही बाजू झाल्या की पेडल चार-पाच वेळा दाबून शू जागेवर बसू द्यायचे आणि पुन्हा तपासायचे. हँडब्रेक नेहमी शेवटी. मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहायचे. नव्या गाड्यांत मात्र या वाटेला जाऊ नये. भाग मिळत असतील तर आपोआपची सोयच चांगली, हे माझे आजही मत आहे.

त्या दिवसांत मला वारंवार चाळीसगाव आठवे. १९२९ साली बाबासाहेब तिथे उतरले. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला हाकून न्यायला नकार दिला. मग वस्तीतल्या लोकांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेला आपलाच एक माणूस पुढे बसला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले आणि त्यांचा पाय मोडला. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला लगाम कोणी कधी हातात दिला होता? पण आता आमच्या हातात पेचकस आहे, गाडीही आमचीच आहे.

हाताने ॲडजस्ट करायचे म्हणजे कोणीतरी आठवण ठेवली पाहिजे. दर तीन हजार किलोमीटरला करायचे असे ठरले. मी वही केली, रकाने आखले, वर्षभर इमानाने लिहिले. मग २०१९ मध्ये निवडणुकीची कामे लागली, वही माझ्याच कपाटात राहिली आणि पेडल किती खाली गेले आहे हे आम्हाला भाऊने सांगितले तेव्हा कळले. भाऊही महिनाभर गप्पच होता, पैशाचा विषय निघेल म्हणून. नशिबाने ते सिग्नलपाशी कळले, घाटात नाही.

बैठकीत ताई उठल्या. म्हणाल्या, "कपाटाची चावी आणि ती वही माझ्याकडे द्या. भजनाला येणाऱ्या पोरी तारखा विसरत नाहीत, मी पण नाही विसरणार." कोणी हसले, कोणी नाही. दुसऱ्या रविवारी ताई पुतण्याच्या शेजारी पाटावर बसून खटके मोजत होत्या. पुढे पुढे त्यांनी महिला मंडळातल्या दोघींना जॅक लावायला शिकवले. त्यातली एक आता स्कूल व्हॅन चालवते.

गाडी आम्ही २०२२ मध्ये भंगारात दिली. वही विहाराच्या कपाटात वर्गणीच्या पावत्यांखाली आहे. शेवटचे पान ताईंच्या अक्षरात आहे : डावे तीन खटके, उजवे दोन, हँडब्रेक ठीक.