आधी काटा, मग पाटा

वडिलांनी भिंतीवर 'कमान-पाटा वर्क्स' ही अक्षरं रंगवून घेतली, तेव्हा आमच्या दारात येणारी प्रत्येक गाडी मालाची असायची. पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे आमचं गॅरेज. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप मागून इतकी बसलेली असायची की तिचे दिवे रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडायचे. ड्रायव्हर उतरून एवढंच म्हणायचा, "आबा, दोन पाटे चढवा." आबा चढवायचे. गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजाराला.

आता दारात आणखी एक गिऱ्हाईक यायला लागलंय. २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, आणि पिकअप म्हणजे टेम्पोचा धाकटा भाऊ हा समज मोडला. चार दारांची केबिन, मागे हौदा. हौद्यात फ्रीज, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, जादा बॅटरी. टपावर उघडणारा तंबू. निघायचं स्पितीला नाहीतर झांस्करला, दीड-दोन महिन्यांसाठी. हा माणूस इंग्रजी व्हिडिओ बघून आलेला असतो, त्याला शॉकअपच्या दांड्याचा व्यास पाठ असतो, पण शेवटी तोही तेच म्हणतो: "मागून बसतेय, दोन पाटे चढवून द्या." माझं भांडण सुरू होतं ते इथून.

मालाची पिकअप भरून जाते आणि रिकामी परत येते. तिच्या पाट्यांना दोन्ही सोंगं वठवावी लागतात. म्हणून तिच्या चळतीत सगळ्यात खाली एक जाड, जवळजवळ सपाट पाटा असतो, आम्ही त्याला ओव्हरलोड म्हणतो. गाडी रिकामी असताना तो नुसता लोंबत असतो, वरच्या पाट्यांना टेकतही नाही. माल पडला, वरची कमान सपाट झाली की तो टेकतो आणि भार उचलतो. युक्ती फार जुनी आणि झकास आहे. पण मुक्कामी फिरणारी गाडी भरलेलीच जाते आणि भरलेलीच येते. पाणी संपलं तरी टाकी, कप्पे, तंबू, बॅटरी तिथेच असतात. अशा गाडीचा ओव्हरलोड पाटा पुण्यातून निघतानाच टेकलेला असतो. म्हणजे खड्डा येण्याआधीच कमानीनं आपली सगळी लवचीकता खर्चून टाकलेली. पुढचा हादरा थेट चासीला, आणि तिथून तुमच्या कमरेला.

गेल्या वर्षी एक निवृत्त जोडपं आलं. काका बँकेतले, काकू शाळेत गणित शिकवायच्या. गाडीची मागची बाजू नऊ सेंटिमीटर बसली होती. हे मी जमिनीपासून मोजत नाही, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली की माप फसतं. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप धरायची. एक्सल आणि चासीखालचं रबर यांच्यात माझ्या हिशेबानं निदान चार बोटं जागा हवी. इथे दोनच उरली होती.

मी म्हटलं, "काका, पाटे नंतर बघू. आधी भुईकाट्यावर जाऊन या. जसे फिरायला निघणार तसेच जा, पाणी-डिझेल भरून, काकूंना बसवून." काटेवाल्याला सांगायचं की एकदा फक्त पुढची चाकं घे, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. तीन पावत्या. थोडेच पैसे लागतात, पण हे काम करायला लोकांना का लाज वाटते कोण जाणे. हजारो रुपयांचे शॉकअप मागवतील, काट्यावर मात्र जाणार नाहीत.

पावत्या आल्या: पुढे ११९५ किलो, मागे १३८५, एकूण २५८०. आरसीत लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा सत्तर किलो जास्त. काका गप्प झाले. काकूंनी पर्समधून पेन काढलं आणि पावतीच्या मागे यादी करायला घेतली.

त्या यादीवर आमचा अख्खा सकाळचा वेळ गेला, आणि मला विचाराल तर त्या गाडीवरचं सगळ्यात मोलाचं काम तेच. प्लायवूड आणि लोखंडाचे सरकते कप्पे पंच्याऐंशी किलोंचे निघाले. त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे क्रेट आणि पट्टे आले, पंधरा किलोंत. दुसरी स्टेपनी घरी राहिली. मागच्या बंपरवर टांगलेले डिझेलचे कॅन स्टँडसकट उतरले. ऐंशी लिटर पाण्याचं चाळीस झालं, आणि टाकी हौद्याच्या मागच्या फाळक्याजवळून उचलून केबिनच्या पाठीला लावली. काकांचा लोखंडी तवा राहिला. त्यावर वाद घालायची माझी हिंमत नव्हती.

गाडी पुन्हा काट्यावर. एकूण २४००, मागे ११९०, पुढे १२१०. म्हणजे एकशेऐंशी किलो काढले आणि पुढचा एक्सल उलट पंधरा किलोंनी जड झाला. काकांना वाटलं काटा बिघडलाय. काकू हसल्या, त्यांना कळलं होतं. मागचा एक्सल हा टेकू, गाडी हा सी-सॉ. दोन एक्सलमधलं अंतर तीन मीटर धरा आणि मागच्या एक्सलच्याही एक मीटर मागे शंभर किलो टांगा. मागच्या चाकांवर शंभर नाही, १३३ किलो पडतात, आणि पुढच्या चाकांवरचे ३३ किलो उचलले जातात. बंपरवर स्टेपनी आणि कॅन टांगलेली गाडी फोटोत रुबाबदार दिसते. घाटाच्या वळणावर मात्र तिचं स्टिअरिंग हलकं पडतं आणि पुढचे ब्रेक धरायला वजन कमी उरतं. जड वस्तू केबिनला चिकटून, खाली. हलकी वस्तू मागे.

एवढं झाल्यावर पाटे. पाटा जाड केला की किती कडक होतो याचा अंदाज भल्याभल्यांना नसतो. कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. सात मिलिमीटरचा पाटा आठचा केला, तर तो पाटा जवळजवळ दीडपट कडक होतो. डोळ्याला तो एक मिलिमीटर दिसतसुद्धा नाही. उलट लांबी वाढवली की पाटा त्याच घनाच्या हिशेबात मऊ पडतो. म्हणून 'दोन पाटे चढवा' हे 'डाळीत थोडं मीठ टाका' इतकं सोपं नाही. कोणता, किती जाड, चळतीत कितवा, हे ठरवल्याशिवाय नुसता आकडा बोलण्यात काही अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात या प्रकारचा प्रवास जुना, तिथे या सामानाचा मोठा बाजार आहे. मेलबर्नची एआरबी कंपनी १९७५ पासूनची. त्यांच्याकडे पाट्यांची चळत 'सतत ३०० किलो', 'सतत ६०० किलो' अशा हिशेबानं निवडायची पद्धत आहे. त्यातला 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. चार दिवस सहाशे भरता म्हणून सहाशेची चळत घ्यायची नाही. काका-काकूंच्या गाडीला मी तीनशेची बसवली, सहाशेची नाही, आणि काका थोडे हिरमुसले.

जास्त कडक पाट्यांचं काय होतं ते मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. डिप्लोमा नुकताच झाला होता, बोलेरो पिकअप घेतली होती, आणि आबांना विचारायच्या भानगडीत न पडता तीन पाटे चढवले. रिकाम्या हौद्यानं कोकणात निघालो. कशेडी घाटात पावसाची भुरभुर, वळणावर छोटासा उंचवटा. मागची चाकं त्यावरून उडाली आणि परत टेकली ती एक फूट बाजूला. कठड्याला बंपर घासला, एवढ्यावर निभावलं. लोकांना वाटतं की कडक गाडी रस्ता घट्ट धरते. रस्ता धरतो टायर, आणि पाट्याचं काम टायरला रस्त्यावर दाबून ठेवायचं. जो पाटा वाकतच नाही, तो चाकाला उचलून फेकतो. आबांनी बंपर बघितला, पाटे बघितले आणि चहा मागवला. तीनपैकी दोन पाटे मी त्याच संध्याकाळी काढले.

शॉकअपचा विषय निघाला की लोक रंग आणि ब्रँड विचारतात. मी विचारतो, तुम्ही रोज किती तास खराब रस्त्यावर असणार? पाटा हादरा साठवतो, शॉकअप तो जिरवतो, आणि जिरवतो म्हणजे त्याची उष्णता करतो. गोट्या-दगडांच्या आणि लाटालाटांच्या रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून बघा, चटका बसतो. आत तेल तापून पातळ होतं. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हवा आणि तेल घुसळून फेस होतो. मग मागची बाजू होडीसारखी डुलायला लागते. थंड झाल्यावर पुन्हा ठीक, म्हणून गॅरेजमध्ये तपासला की दोष सापडत नाही. पाटे कडक केले आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर हे दुखणं लवकर येतं, कारण जोरात उसळणाऱ्या कमानीला आवरायला ते पुरे पडत नाहीत. पाटे आणि शॉकअप जोडीनं घ्या. एकाचेच पैसे असतील तर थांबा.

हवेच्या पिशव्यांबद्दलही विचारणा होते. पाटे तसेच ठेवून एक्सल आणि चासीच्या मध्ये रबरी पिशवी बसवायची, हवा भरली की गाडी उचलली जाते. सोय मोठी आहे. पण पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना वाटून देतो, पुढे पिनेवर आणि मागे शॅकलवर. पिशवी तो मधल्या एकाच जागी देते, आणि हौद्याच्या शेपटाला वजन लटकलेलं असेल तर चासी त्या जागेवर वाकायला बघते. ऑस्ट्रेलियात चार दारांच्या पिकअपच्या चासी अशा केबिनमागे वाकल्याची उदाहरणं आहेत. शिवाय कुंझुमसारख्या साडेचार हजार मीटरच्या खिंडीत बाहेरची हवा पुण्याच्या मानानं इतकी विरळ असते की पिशवीचा दाब न भरताही पाचेक पौंड जास्त दिसतो. रात्रीच्या थंडीत थोडा उतरतो. म्हणजे रोज सकाळी गेज घेऊन बसा. ज्याला हे जमतं त्यानं बसवावी, मीही बसवून देतो. पण कमी दाबानं, आणि वजन पुढे सरकवल्यावरच.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही टाळू देत नाही. कित्येक पिकअपांत मागच्या एक्सलवरून एक बारीक दांडी चासीवरच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. गाडी बसली की दांडी वर सरकते, व्हॉल्व्ह समजतो माल भरलाय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत. आता तुम्ही पाटे बदलून भरलेली गाडी पाच सेंटिमीटर उचलली. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. मागे एवढं ओझं, आणि मागचे ब्रेक अर्ध्या झोपेत. दांडी नव्यानं लावून घ्यायला थोडाच वेळ लागतो. पण तिच्याकडे लक्ष जायला कुणीतरी गाडीखाली झोपावं लागतं. हेडलाइटही खाली-वर करून घ्यायचे, ते सांगायला नको.

काही जणांना वाटतं की पाटे बदलले म्हणजे गाडी जास्त वजनाला पात्र झाली. आरसीतला आकडा पाट्यावर ठरत नाही. ब्रेक, बेअरिंग, एक्सल, चासी, टायर सगळं मिळून तो ठरतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या तपशिलाला सोडून केलेल्या फेरफारांना आडवं येतं.

काकांच्या गाडीचे पाटे बसवताना यू-बोल्ट नवे घातले. जुने ताणलेले असतात, ते पुन्हा आवळले तरी पकड देत नाहीत. पाट्यांची चळत एकत्र धरून ठेवतात ते हे चार बोल्ट. मधला सेंटर बोल्ट नुसता जागा दाखवायला असतो. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा मार त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि एक्सल एका बाजूनं मागे सरकतो. म्हणून टॉर्क पान्यानं आवळून झाल्यावर नट आणि बोल्ट दोन्हींवरून पिवळ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढतो. नट हलला की रेघ तुटते. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा आवळायचं, पुढे रोज सकाळी वाकून रेघ बघायची. काकूंनी विचारलं, "रोज?" म्हटलं, "पूजेच्या आधी की नंतर, ते तुम्ही ठरवा."

ते सप्टेंबरात मनालीकडून शिरले, ग्रांफू, छत्रू, बातल, कुंझुम. काझाहून काकूंचा फोटो आला: डाव्या बाजूचा मागचा नट, रेघ केसभर सरकलेली. फोटोवर त्यांनी बाण काढला होता, शाळेत काढत असतील तसा. एका ट्रकवाल्याकडून लांब दांडीचा पाना घेऊन काकांनी तो आवळला, आणि नव्या रेघेसाठी पेंट नव्हता म्हणून काकूंनी नेलपॉलिश लावलं.

परतीला ते किन्नौरवरून आले. गॅरेजला गाडी लागली तेव्हा पाट्यांच्या फटींत राखाडी धूळ भरली होती आणि नटावर गुलाबी रेघ जागच्या जागी होती. टेप धरली, गाडी थोडी बसल्यासारखी वाटली. पाटे नवे असताना सुरुवातीला जरा बसतात, म्हणून मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर काकूंनी पर्समधून भुईकाट्याची ताजी पावती काढून माझ्या हातात दिली. साठ किलो जास्त.

"सफरचंदं," त्या म्हणाल्या. "तीन पेट्या. केबिनला चिकटून ठेवल्यात, खाली. एक तुमच्या आबांसाठी."