मारांट्झचा निम्मा भाव

चि. मनूस,


फोटो पोचले. यंत्रांच्या पाठीचेही फोटो काढलेस हे फार बरं केलंस. विकणारा माणूस दर्शनी बाजू पुसून दाखवतो. जाणतं गिऱ्हाईक आधी पाठ बघतं. तुझ्या सासऱ्यांच्या मारांट्झ २२७० रिसीव्हरवर १२० व्होल्ट छापलंय, आणि ड्युअल रेकॉर्ड प्लेअरच्या पट्टीवर ६० हर्ट्झ. दुकानदाराने सांगितलेली रक्कम तुला तोकडी वाटली, त्याचं बरंचसं कारण या दोन आकड्यांत आहे.

व्होल्टचं काम सोपं. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. सासऱ्यांनी अमेरिकेतून येताना आणलेला असेल, माळ्यावर बघ. तो सापडेपर्यंत रिसीव्हरची पिन कुणीही भिंतीत खुपसायची नाही. ‘नुसता डायल पेटतो का बघू’ म्हणणाऱ्या जावईबापूंनीही नाही! ट्रान्सफॉर्मर सापडला तरी इतकी वर्षं बंद पडलेला ॲम्प्लिफायर एकदम पूर्ण व्होल्टेजवर टाकू नये. आतले कपॅसिटर वाळलेले असतात. जाणता मेकॅनिक व्होल्टेज हळूहळू चढवत नेतो.

हर्ट्झचं दुखणं मात्र ट्रान्सफॉर्मरने बरं होत नाही. ड्युअल १२१९ ची मोटर विजेच्या तालावर फिरते. तिकडे सेकंदाला ६० आवर्तनं, आपल्याकडे ५०. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची रेकॉर्ड इथे २८ च्याही आत रेंगाळते. सूर तीन पट्ट्यांनी उतरतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारमध्ये येतात, आणि द्रुत बंदिश पेंगुळल्यासारखी होते. ‘इकडे आल्यापासून याचा आवाज बसला’ असं तुझे सासरे म्हणायचे ना, ते शब्दशः खरं होतं. पिच कंट्रोल आहे, पण त्याचा आवाका एवढा मोठा नाही. मोटरच्या दांड्यावरची पुली काढून ५० हर्ट्झची बसवावी लागते. ड्युअल मूळची ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट गेऑर्गेनची, आणि जर्मनीतही वीज ५० हर्ट्झचीच, म्हणून अशी पुली शोधली तर मिळते. शिवाय या मॉडेलच्या पोटात नखापेक्षा लहान अशी एक रबरी टोपी असते. ती झडली की हात आपोआप उचलून रेकॉर्डवर येत नाही. वस्तू कवडीमोलाची, पण ती बसवायची तर यंत्र उलटं करून दगड झालेलं ग्रीस खरवडत बसावं लागतं.

आता भाव. समजा, मारांट्झवर दुकानदार ८० हजारांची पाटी लावणार आहे आणि तुझ्या हातात ४० ठेवतोय. मधले ४० त्याने नुसते खिशात घातले, असा हिशेब तू केला आहेस. पण त्यातूनच त्याने कपॅसिटर बदलायचे, खरखरणारे कंट्रोल धुवायचे, डायलच्या त्या निळ्या उजेडाचे गेलेले दिवे घालायचे, मेकॅनिकची मजुरी द्यायची. मग कुणी येईपर्यंत पैसे अडकवून बसायचं. आणि विकल्यावर महिन्याभराने ‘डावा चॅनल गेला’ म्हणून गिऱ्हाईक परत आलं, तर त्याचं ऐकून घ्यायचं. माझ्या मते त्या पैशांतला मोठा वाटा या शेवटच्या कामाचा आहे. उद्या त्याच पत्त्यावर भेटणारा माणूस फुकट मिळत नाही. तुमच्या सोसायटीतले जे गृहस्थ दहा हजार जास्त द्यायला निघालेत, त्यांचा डावा चॅनल गेला तर ते कुणाच्या दाराची बेल वाजवतील? तुझ्याच. जिन्यात रोज गाठ पडणाऱ्याशी असा व्यवहार करू नये.

मात्र दुकानदाराने हे सगळं खरंच केलं, तरच तो निम्म्याचा हक्कदार. ‘फुल सर्व्हिस’ हे शब्द या धंद्यात फार सैल झालेत. पुष्कळदा लाकडाला पॉलिश आणि ॲल्युमिनियमला ब्रासो, एवढीच ती सर्व्हिस असते. त्याला सरळ विचार: काय काय बदलणार? कुणाकडून करून घेणार? किती महिन्यांची गॅरंटी लिहून देता? गुळमुळीत उत्तरं आली तर दुसरं दुकान बघ.

ड्युअल त्याला रोखीने विकू नकोस, कमिशनवर ठेव. पुलीची भानगड ऐकून तो रोखीने अगदीच पडेल भाव सांगेल. पण ती बदलून यंत्र नीट फिरायला लागलं, की हौशी माणूस योग्य दाम देतो. खर्च आधी ठरवून घे. पावतीवर सिरियल नंबर, कमीत कमी किंमत, कमिशनचा टक्का, मुदत, आणि दुकानात असताना काही मोडलं तर जबाबदार कोण, हे सगळं लिहून घे. ‘अहो ताई, आपल्यात कागद कशाला?’ असं म्हणाला तर कागद नक्की हवाच. ड्युअलच्या हाताला पुढे लावलेलं कार्ट्रिज शुअरचं दिसतंय. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं, तेव्हा सासऱ्यांच्या कपाटात जादा मूळ सुई असेल तर ती फुकटात सोबत देऊन टाकू नकोस. नेताना तीन किलोंची जड थाळी उतरवून वेगळी गुंडाळ, हात दोऱ्याने बांध.

ॲडव्हेंटच्या स्पीकरांची जाळी काढून कड बोटाने दाबून बघायचा मोह आवर. त्या वयाचा फोम भुगा होऊन हातात येतो. नवी कड बसवता येते. या जोडीसाठी मी एक्स्चेंज सुचवेन. तुला छोट्या हॉलसाठी लहान स्पीकर हवेतच, आणि अदलाबदलीत दुकानदार दोन्हीकडून कमावतो म्हणून हात थोडा सैल सोडतो. फक्त घेताना तुझीच ओळखीची रेकॉर्ड ने. दुकानातल्या रेकॉर्डवर सगळेच स्पीकर छान वाजतात. हळू आवाजात ऐक, मोठ्याने वाजवून तो भुलवेल.

रेकॉर्डींचा सौदा यात मिसळू नकोस. जुन्या बाजारातला कुणी ‘गठ्ठ्याचे किती?’ म्हणत आला, तर दारातूनच परत पाठव. आधी सासऱ्यांना बसवून यादी कर, त्यांना ठेवायच्या त्या बाजूला काढू देत. उरलेल्यांची यादी मला पाठव, इथला भाव विचारून कळवतो.

व्याह्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा