टीम लीड झालेल्या भाचीस

प्रिय मनू,



टीम लीड झाल्याचं ताईकडून कळलं आणि पाठोपाठ तुझा मेसेज आला: 'पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं असा मेल आलाय. माझी निम्मी टीम पुण्यात, बाकीची सावंतवाडी, नांदेड, नागपूरला. त्यांना घरूनच काम करायची परवानगी आहे. मावशी, मी कोणाला काय सांगू?' फोनवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. माझी उभी नोकरी हिंजवडीत माणसं सांभाळण्यात गेली. तुझ्या हातात टीम नुकती आली आहे, तेव्हाच काही गोष्टी तुझ्या कानावर घालाव्यात असं फार वाटतं.

'घर बरं की ऑफिस' या वादात पडू नकोस. तो वाद तुझ्यामाझ्या डोक्यावरून चालतो आणि तिथलं वारं सारखं फिरतं. एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात लागणार नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. सरकारी नियमांचंही तसंच. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने बीपीओंवरची बरीच बंधनं काढली, म्हणून घरून काम करणं कायद्याने सोपं झालं. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांना जुलै २०२२ मध्ये निम्म्या कर्मचाऱ्यांपुरती मुभा मिळाली आणि पुढे तीही वाढवली गेली. उद्या आणखी काही बदलेल. त्या मेलवर तुझा ताबा नाही. टीम रोज कशी चालते, यावर मात्र तुझाच आहे.

मला या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. ऑफिसात पुष्कळ कामं कोणी न ठरवता होऊन जात. नवा मुलगा शेजारच्याचा फोन ऐकून शिकायचा. चहाच्या टपरीवर निर्णय व्हायचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो सगळ्यांना माहीत असायचा. कोणाचा चेहरा उतरलाय हे जाता-येता दिसायचं. कंपनीची बस सहाला सुटायची म्हणून दिवस संपायचा. माणसं विखुरली की यातलं काहीही आपोआप होत नाही, ते ठरवून करावं लागतं. ज्या टीमने ते ठरवून केलं तिचं नीट चाललं. ज्यांनी नुसते लॅपटॉप घरी पाठवले, त्यांना दोन वर्षांत वाटायला लागलं की लोक कामचुकार झालेत.

सगळ्यांत आधी नवख्यांकडे बघ. तुझ्या सावंतवाडीच्या मुलाचंच घे. कॉलेज संपलं, लॅपटॉप कुरियरने घरी आला, आणि तू अजून त्याला कॅमेऱ्यातच पाहिलंयस. तो अडतो तेव्हा काय होतं, हे त्याचं चॅट वर सरकवून बघ. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी 'हाय मॅडम'. पुढे काही नाही, कारण तुझ्या उत्तराशिवाय पुढचं लिहिणं त्याला आगाऊपणा वाटतो. तू मीटिंगमध्ये. पावणेबाराला तू लिहितेस, 'बोल रे'. साडेबाराला त्याचं उत्तर, 'काही नाही मॅडम, झालं'. बहुतेक वेळा झालेलं नसतं. सकाळचे जवळजवळ अडीच तास गेलेले असतात आणि त्याची हिंमतही गेलेली असते.

त्याला पहिल्याच आठवड्यात सांग की 'हाय' लिहून थांबायचं नाही. काय करत होतो, कुठे अडलो, काय करून पाहिलं, उत्तर कधीपर्यंत हवंय, हे सगळं एकाच मेसेजमध्ये लिहायचं. तेही तुला एकटीला नाही, टीमच्या चॅनेलवर, म्हणजे नांदेडची मुलगी मोकळी असेल तर तीही उत्तर देईल आणि बाकीच्यांना वाचायला मिळेल. पण नवी मुलं चारचौघांत प्रश्न विचारायला घाबरतात. म्हणून सुरुवात तू कर. तुला खरोखर माहीत नसलेली साधी गोष्ट उघड विचार. लीडला विचारताना लाज वाटत नाही हे दिसलं की आठवड्याभरात बाकीचे धीट होतात.

आणि एखाद्या जुन्या माणसाबरोबर रोज अर्धा तास त्याला स्क्रीन शेअर करून बसव. एका मोठ्या अमेरिकन कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता. टीमच्या शेजारी बसणाऱ्यांना त्यांच्या कोडवर जास्त शेरे मिळत, आणि त्याचा फायदा तरुणांना सर्वाधिक होई. त्याच अभ्यासात हेही दिसलं की शिकवणाऱ्या जुन्या लोकांचं स्वतःचं कोड त्यामुळे कमी होई. हे दुसरं निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. शिकवणं फुकट होत नाही. तुझ्या अनुभवी इंजिनिअरचा तो अर्धा तास त्याच्या कामात मोजला गेला नाही, तर दुसऱ्या महिन्यात तो अर्धा तास गायब होईल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. जमलं तर कंपनीच्या खर्चाने नव्या मुलांना पहिले पंधरा दिवस पुण्यात आण. पंधरा दिवस एकत्र जेवलेली माणसं नंतर वर्षभर चॅटवर नीट बोलतात.

आता त्या तीन दिवसांबद्दल. पुण्यातल्या सगळ्यांचे तीन दिवस तेच असू देत. ज्याने त्याने आपल्या सोयीने दिवस निवडले, तर भूमकर चौकात तासभर अडकून माणूस ऑफिसात पोचतो आणि कानाला हेडफोन लावून घरी बसलेल्यांशीच दिवसभर बोलतो. असा दिवस दोनदा आला की तिसऱ्या वेळी तो चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीत १,६१२ जणांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गट केले. एका गटाला बुधवार आणि शुक्रवार घरून काम करायची मुभा दिली, दुसरा पाचही दिवस ऑफिसात. घरच्या दिवसांनी कामाच्या मूल्यमापनात आणि बढतीत काही फरक पडला नाही. नोकरी सोडून जाणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले. त्यातही फरक दिसला तो बायकांमध्ये, लांबून येणाऱ्यांमध्ये आणि मॅनेजर नसलेल्यांमध्ये. प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजरांना वाटत होतं की काम थोडं घटेल. प्रयोग संपल्यावर त्यांचंच मत बदललं. वरचे लोक ऐकून घ्यायला तयार असतील तेव्हा हे त्यांच्यासमोर ठेव. एक माणूस सोडून गेला की त्याच्या जागी दुसरा शोधून तयार करायला किती महिने लागतात, हे त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मीटिंगचा नियम एकच ठेव: एकजण जरी बाहेरून जोडलेला असेल, तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून जोडायचं. सहाजण कॉन्फरन्स रूममध्ये हसतायत आणि नागपूरच्या बाईंना टेबलाचा कोपरा दिसतोय, हे कधी होऊ देऊ नकोस.

यानंतर लिहिण्याचा भाग, आणि इथे मी हट्टी आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या ईमेल, कॉल आणि मीटिंगांच्या नोंदी तपासल्या. सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या गटात जास्त गुंतले, गटागटांमधले पूल कमी झाले, आणि समोरासमोर बोलण्याची जागा मेल आणि मेसेजांनी घेतली. म्हणजे एका टीमने काय ठरवलं ते शेजारच्या टीमला कळेनासं होतं. त्यावर औषध म्हणजे आणखी कॉल नव्हेत. निर्णय झाला की चार ओळी लिहायच्या, सगळ्यांना सापडतील अशा एकाच ठिकाणी. मी टीमकडून असं लिहून घ्यायचे: 'ठरलं: पेमेंटचं जुनं पान महिनाअखेरीपर्यंत ठेवायचं. का: दोन ग्राहक अजून तेच वापरतात. कोण बघणार: नांदेडची टीम. पुन्हा कधी बघायचं: पुढच्या सोमवारी.' एवढं पुरतं. यातली 'का' ही ओळ कधी गाळू द्यायची नाही. सहा महिन्यांनी नवा माणूस आला की त्याला तीच लागते. गिटलॅब ही कंपनी ऑफिसशिवायच वाढली आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. तिची कामाची सगळी रीत लिहून इंटरनेटवर कोणालाही वाचायला ठेवलेली आहे. सवड मिळाली की चाळ.

आपल्याकडे लिहिण्याचा कंटाळा असतो, 'कॉलवर सांगतो ना' म्हणतात. काहींना इंग्रजीत लिहायची धास्ती असते. त्यांना सांग, मोडकं लिहा, मराठी-हिंदी मिसळून लिहा, पण लिहा. व्याकरणावरून तुझ्या टीममध्ये कोणी कोणाला हसलेलं खपवून घेऊ नकोस.

मूल्यमापनात फार जपून राहा. ट्रिप डॉट कॉमचं आधीचं नाव सीट्रिप. २०१० च्या अखेरीस तिने शांघायच्या कॉल सेंटरमध्ये वेगळा प्रयोग केला होता: नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून. घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण तेवढंच चांगलं काम करणाऱ्या ऑफिसातल्यांच्या तुलनेत त्यांना बढत्या कमी मिळाल्या. डोळ्यासमोर असतो तो आठवतो, त्यात कोणाचा दुष्टपणा लागत नाही. म्हणून अप्रेझलला बसायच्या आधी प्रत्येकाच्या नावापुढे त्याने वर्षभरात काय पूर्ण केलं ते लिहून काढ, आणि सावंतवाडी-नांदेड-नागपूरची नावं आधी घे. कोणी तुला माऊस हलतोय का ते मोजणारं सॉफ्टवेअर सुचवलं तर ठाम नकार दे. अशा पाळतीने माणसं काम करायला शिकत नाहीत, माऊस हलवायला शिकतात.

आता घराबद्दल. याबद्दल कंपन्या सगळ्यांत कमी बोलतात. सीट्रिपच्या त्या प्रयोगात भाग घ्यायला अट होती: घरी ब्रॉडबँड हवं आणि कामाच्या वेळी स्वतःची वेगळी खोली हवी. ही अट वाचली की आपल्याकडचं चित्र किती वेगळं आहे ते कळतं. वन बीएचकेत नवरा-बायको दोघांचे कॉल, मुलाची शिकवणी, सासूबाईंची मालिका. तुझ्या नांदेडच्या मुलीने पलंगावर उशी मांडून वर्ष काढलं असेल तर तिची पाठ धरली असणार. दिवे गेले की राउटर बंद. टेबल, खुर्ची, इन्व्हर्टर यांना कंपनीने पैसे दिले पाहिजेत. तीन दिवस ऑफिस म्हटलं तरी घरचे दोन दिवस कामाचेच आहेत, आणि कायम घरून काम करणाऱ्यांचं तर तेच ऑफिस आहे. तू मागणी लेखी कर.

बायकांच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट आहे. 'घरीच तर आहेस ना' हे वाक्य. गॅस सिलिंडर घ्यायला तीच, पाहुण्यांना चहा तीच, दुपारी मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायला तीच. तुझ्या टीममधल्या कोणाचा कॅमेरा रोज चार ते साडेचार बंद असेल तर कारण विचारण्याआधी तो अर्धा तास कॅलेंडरवर मोकळा करून दे. मग तिला सांगावं लागत नाही, माफी मागावी लागत नाही. पण हा अर्धा तास पुरुषांनाही दे आणि तो घ्यायला त्यांना भाग पाड. नाहीतर घरून काम म्हणजे बाईने दोन्ही आघाड्या सांभाळायची सोय, एवढंच उरेल. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतरही परस्पर संमतीने घरून काम करायची सोय आणली. तुझ्या टीममध्ये कोणाला ते लागू होईल तेव्हा तिने एचआरच्या मागे फिरायची वेळ येऊ देऊ नकोस, तूच आधी विचार.

दिवस संपवण्याचं कामही तुझंच. अमेरिकेचा ग्राहक संध्याकाळी साडेसातला जागा होतो, म्हणून सगळ्यांनी रात्री अकरापर्यंत ऑनलाइन राहायचं याला काही अर्थ नाही. पाळी लाव. ज्याची पाळी असेल त्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्याने आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तशा अर्थाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, कायदा अजून झालेला नाही. तोवर तुझ्या टीमपुरता तो तू करू शकतेस. रात्री सुचलेला मेसेज सकाळी नऊला जाईल असा लावून ठेव.

सीट्रिपच्या प्रयोगातली शेवटची एक गोष्ट सांगते. नऊ महिने संपल्यावर लोकांना पुन्हा निवडायची मोकळीक दिली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी आपला आधीचा विचार बदलला. घरून काम केलेल्या कितीतरी जणांनी सांगितलं की एकटं वाटतं, आम्हाला ऑफिसात परत घ्या. आणि ज्याने त्याने अनुभवाने निवडल्यावर कामातली वाढ १३ वरून २२ टक्क्यांवर गेली. म्हणून त्या मेलला उत्तर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाशी वेगळं, निवांत बोल. घरी बसायची जागा कशी आहे, घरी कोण कोण आहे, कामाव्यतिरिक्त दिवसभरात कोणाशी बोलणं होतं का, हे विचार. नागपूरच्या बाईंना कदाचित महिन्यातून चार दिवस पुण्याला यायला आवडेल आणि त्यांनी ते कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलेलं नसेल. पुण्यातल्या एखाद्याला आईच्या आजारपणामुळे तीनऐवजी दोनच दिवस जमतील. जे ठरेल ते सहा महिन्यांसाठी ठरव, तारीख कॅलेंडरवर टाक, आणि तेव्हा हेच सगळं पुन्हा विचारणार आहेस हे तुझ्या मॅनेजरला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे कोणी आपलं मत बदललं तर त्याला खुलासे द्यावे लागणार नाहीत.

बोलणी झाली की मला फोन कर. रविवारी दुपारी मी मोकळीच असते.

तुझी,
मावशी