सही करण्यापूर्वी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात विशेष गरजा असलेल्या मुलाच्या शिक्षणाचा सरकारी पैसा शाळेकडे न जाता थेट पालकांच्या हाती येऊ शकतो. पालकांच्या नावाने खाते उघडते, दर तीन महिन्यांनी त्यात रक्कम जमा होते. त्यातून खासगी शाळेची फी भरा, शिकवणी लावा, थेरपी घ्या, साधने आणा. ऑटिझमसारख्या गटातल्या मुलासाठी ही रक्कम वर्षाला ३० हजार डॉलरच्या पुढेही जाते. कायद्यात या योजनेला ‘एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट’ म्हणतात. बोलताना सगळे ‘ईएसए’ म्हणतात.

मी फिनिक्स परिसरात स्पीच थेरपिस्ट आहे. आधी सरकारी शाळांत होते, आता माझे क्लिनिक आहे. शाळा सोडून जाणारी मुले मी पाहिली, आणि खात्याचे पैसे घेऊन दार ठोठावणारे पालकही रोज पाहते. त्यात फिनिक्सजवळच्या चँडलरच्या संगणक आणि चिप उद्योगातली मराठी कुटुंबेही असतात. “ताई, खातं घेऊ की शाळेतच ठेवू?” हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण पैसे घेताना पालक काय सोडून देतात, हे बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलेच नसते.

ते काय, हे समजायला १९७५ मध्ये जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. तोवर दहा लाख अपंग मुले सरकारी शाळांबाहेरच होती, असे त्या कायद्यातच नोंदवले आहे. कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि त्याच्या गरजेला साजेशा शिक्षणाचा हक्क दिला. तो हक्क ‘आयईपी’ नावाच्या लेखी आराखड्यात उतरतो. वर्षातून किमान एकदा शिक्षक, थेरपिस्ट आणि पालक एका टेबलाशी बसतात. ‘चित्रफलक वापरून दहापैकी आठ वेळा दोन शब्दांत मागणी करेल’, ‘आठवड्याला ६० मिनिटे स्पीच थेरपी’ अशी मोजता येणारी उद्दिष्टे आणि सेवा त्यात लिहिल्या जातात. एकदा लिहिले की ते शाळेवर बंधनकारक होते. पटले नाही तर पालक सुनावणी मागू शकतात, कोर्टात जाऊ शकतात. २०१७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. मुलाच्या परिस्थितीचा विचार करून त्याची खरी प्रगती होईल असाच आराखडा हवा.

इतका भक्कम हक्क असताना पालक शाळा का सोडतात? कागदावरचे वर्गात उतरत नाही म्हणून. अपंग मुलांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकार जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलेल, असे १९७५ मध्ये ठरले होते. तेवढा वाटा आजवर एकदाही आलेला नाही. शाळेत असताना माझ्याकडे इतकी मुले असायची की ६० मिनिटे चार-पाच जणांच्या गटात भागवावी लागत. विशेष शिक्षकाची जागा महिनोन्महिने रिकामी राहते. भांडायला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात, आणि तोवर मुलाचे शिकण्याचे वय निघून जाते.

ॲरिझोनाने आधी वेगळा मार्ग घेतला होता. अपंग मुलांच्या आणि संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबात (फॉस्टर केअरमध्ये) राहणाऱ्या मुलांच्या खासगी शाळांची फी सरकार भरत असे. सरकारी पैसा खासगी आणि धार्मिक शाळांना असा देता येणार नाही, म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ‘केन विरुद्ध हॉर्न’ खटल्यात ती योजना रद्द केली. मग २०११ मध्ये हा खात्याचा कायदा आला. पैसा शाळेला नाही, पालकांना द्यायचा. तो शाळेवर खर्च करायचा की थेरपीवर, हे त्यांनी ठरवायचे. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने हा फरक मान्य केला. देशातली अशी ही पहिली योजना, आणि तिचे पहिले लाभार्थी अपंग विद्यार्थी होते. फ्लोरिडा, मिसिसिपी, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनीही पुढे विशेष मुलांपासूनच सुरुवात केली.

या खात्याने काही घरांचे भले केले आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. माझ्याकडे सात वर्षांचा एक मराठी मुलगा येत असे. तो बोलत नव्हता. शाळेने बोलके टॅबलेट दिले होते, पण त्यात सगळे शब्द इंग्रजी आणि शाळेतलेच. घरी आजीशी बोलायला त्याचा काही उपयोग नव्हता. खात्यातून त्याच्यासाठी वेगळे टॅबलेट घेतले, आठवड्याला तीन तास ठरवले, आणि आईच्या आवाजात ‘आजी’, ‘नको’, ‘ताक’, ‘अजून’, ‘दुखतंय’ असे शब्द एकेका चित्रामागे भरत गेलो. काही महिन्यांनी जेवताना त्याने दुधाचा पेला बाजूला सारला आणि आधी ‘नको’, मग ‘ताक’ दाबले. गटातल्या ६० मिनिटांत हे काम झाले नसते.

पण हे खाते घेताना पालक सरकारशी करार करतात. मुलाला शिकवण्याच्या जबाबदारीतून सरकारी शाळा मोकळी झाली, असे त्यात लिहिलेले असते. सही झाली की आयईपी मागे राहतो. खासगी शाळेवर तो पाळण्याचे बंधन नाही. ‘आमच्याकडे एवढा स्टाफ नाही’ म्हणून ती प्रवेश नाकारू शकते, वर्षाच्या मध्यावर मूल परतही पाठवू शकते. मग ते सरकारी शाळेत येते. शाळा त्याला घेते, पण आराखडा नव्याने बसवावा लागतो आणि मधले महिने वाया जातात. शिवाय शाळेत बस, मदतनीस, थेरपी फुकट होती. आता सगळे त्याच खात्यातून. रक्कम मोठी वाटते, पण ऑटिझमसाठीच्या खासगी शाळेची फी भरल्यावर थेरपीला फारसे उरत नाही.

खासगी शाळेत गेल्यावर अपंग मुलाचे कोणते हक्क बदलतात, याची माहिती अशा योजनांत पालकांना नीट मिळत नाही, काही वेळा तर चुकीची मिळते, असे केंद्राच्या लेखा-परीक्षण संस्थेने २०१७ मध्येच दाखवून दिले होते.

त्यात योजनेचे रूपच पालटले. २०१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हे खाते सर्व मुलांना खुले केले. शिक्षक-पालकांनी सह्या गोळा करून विषय मतदानाला नेला, आणि २०१८ मध्ये सुमारे ६५ टक्के मतदारांनी तो फेटाळला. तरी २०२२ मध्ये खाते पुन्हा सर्वांना खुले झाले. तोवरची सुमारे १२ हजार मुले दोन वर्षांत ७५ हजारांच्या पुढे गेली. पूर्वी खातेदारांत निम्म्याहून जास्त विशेष मुले होती, आता ती पाचात एक उरली आहेत. थेरपीची पावती अपलोड करणारी आई आता पियानोच्या, पोहण्याच्या क्लासच्या पावत्यांमागे रांगेत उभी असते. ज्यांच्या नावाने दार उघडले, त्यांचाच नंबर मागे गेला.

पैसा पालकांच्या हाती देण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो पैशाच्या बदल्यात हक्क काढून घेण्याला. खाते घेतलेल्या मुलाचाही आयईपी चालू राहावा. त्यातली एखादी सेवा सरकारी शाळेत आणि बाकीची बाहेर घेता यावी. खात्याचे पैसे घेणाऱ्या खासगी शाळेने कोणती सेवा देणार हे लिहून द्यावे, आणि मूल काढले तर उरलेली फी परत करावी. हक्क कोणते सुटतात याचे पत्र पालकांना समजेल अशा भाषेत सहीआधी मिळावे. आणि विशेष मुलांच्या पावत्यांसाठी वेगळी खिडकी असावी.

तोवर माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी चार गोष्टी सांगते. शाळा सोडण्याआधी मुलाची नवी तपासणी शाळेकडूनच करून घ्या. आयईपीच्या सगळ्या प्रती जपा. नव्या शाळेने काय देणार, हे तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी घ्या. आणि वर्षाच्या मध्यावर घाईने सही करू नका.

पुण्या-मुंबईचे पालक मला विचारतात, “असं खातं आपल्याकडे का नाही?” भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पुरेसे विशेष शिक्षक नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. उद्या कुणी म्हणाले की शिक्षक नेमणे जमत नाही, त्याऐवजी हे पैसे घ्या, तर पालकांनी आधी एकच प्रश्न विचारावा: हे पैसे हक्क कायम ठेवून वरचे आहेत, की हक्काच्या बदल्यात? वरचे असतील तर जरूर घ्यावेत. बदल्यात असतील तर सही करू नये, शिक्षकच मागावा. रक्कम कमी-जास्त करणे पुढच्या सरकारच्या हाती असते. कायद्यात लिहिलेला हक्क मात्र, वाट सोपी नसली तरी, गरीब घरातली आईसुद्धा कोर्टात जाऊन मागू शकते.