रबराची मर्यादा



आज जे लिहिते आहे ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. घरातल्या घरात मिटलेली गोष्ट, चारचौघींत कशाला सांगायची? पण दशलक्षण पर्वात क्षमा मागताना मन पुन्हा पुन्हा तिथेच अडकलं. आणि तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी तसलंच दार असेल, हेही लक्षात आलं. म्हणून सांगते.

आमचं घर कोल्हापुरात, तिसऱ्या मजल्यावर. हॉल आणि गॅलरी यांच्यामध्ये १० फूट रुंद आणि ७ फूट उंच असं ॲल्युमिनियमचं फोल्डिंगचं दार आहे. चार पल्ले, मध्ये काच. एका बाजूला ढकलले की एकावर एक मिटतात आणि सगळी गॅलरी हॉलमध्ये आल्यासारखी वाटते. नऊ वर्षांपूर्वी ते बसवलं तेव्हा बघायला येणाऱ्यांना मी दोन-दोनदा उघडून दाखवत असे.

गॅलरी पश्चिमेची. कोल्हापूरचा आषाढातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. तो वरून पडत नाही, समोरून येतो. गेली दोन-तीन वर्षं दाराखालून पाणी आत यायला लागलं होतं. मी जुनी चादर पिळून उंबऱ्याला लावायची, सकाळी उचलायची. वारा सुटला की पल्ल्यांच्या मधून शिट्टी वाजायची. आमचे हे म्हणायचे, "दाराला सूर सापडला." आम्ही हसायचो आणि विषय तिथेच राहायचा.

यंदा पाण्याबरोबर मुंग्याही आल्या. गॅलरीतल्या कुंड्यांत पाणी तुंबलं की त्या बिचाऱ्या कोरडी जागा शोधत निघतात. दाराच्या फटीतून रांग सरळ हॉलमध्ये, तिथून स्वयंपाकघरात. संध्याकाळी ट्यूब लावली की पंखवाले पावसाळी किडे त्याच फटींतून आत यायचे आणि सकाळी दिव्याखाली त्यांच्या पंखांचा खच पडायचा. चातुर्मास नुकताच बसलेला. आपल्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणं होतात, त्यामुळे ताटात काही पडण्याची भीती नव्हती. पण केर काढताना हात थांबायचा. आधी मऊ कुंचल्याने जिवंत किडे बाजूला करायचे, मग झाडायचं. रोजचा अर्धा तास त्यातच जाई.

एका रात्री मी कंटाळले. खोटं कशाला बोलू? कंबर दुखत होती, दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. कामवाल्या बाईंनी कधीतरी आणून ठेवलेला मुंग्यांचा खडू कपाटाच्या वरच्या फळीवर होता. मनाला सांगितलं, मुंग्या वासानेच परत फिरतील, मरणार नाहीत. आणि उंबऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढली.

सकाळी माझ्या आधी नात उठली. सात वर्षांची आहे, रविवारी पाठशाळेत जाते. उंबऱ्याशी उकिडवी बसून बघत होती. मला म्हणाली, "आजी, मुंगीला तीन इंद्रियं असतात ना? स्पर्श, रसना आणि घ्राण?" मी म्हटलं, "हो बाळा." मग तिने विचारलं, "मग या वास घेऊन परत का नाही गेल्या?"

रेघेच्या अलीकडे-पलीकडे काळा थर पडला होता. मी काहीच बोलले नाही. तिला दूध प्यायला पाठवलं आणि दार धरून तिथेच उभी राहिले.

त्या दिवशी मंदिरात गेले, पण अभिषेकाकडे लक्ष लागेना. घरी येऊन खडू फेकून दिला, ओल्या फडक्याने रेघ तीनदा पुसली आणि पहिल्यांदाच त्या दाराकडे नीट पाहिलं. नऊ वर्षांत काच शेकडो वेळा पुसली असेल. पल्ल्यांच्या कडेला काळं रबर आहे आणि ते कसं झालं आहे, हे कधी बघितलंच नव्हतं. बोट फिरवलं तर दगडासारखं कडक. कोपऱ्यांत तडे गेलेले, दोन ठिकाणी तुटून लोंबत होतं. खाली ब्रशासारखी केसाळ पट्टी होती, तिचे केस झिजून, चिकटून सपाट झाले होते.

ह्यांनी एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने दार न उघडताच सांगितलं, नवीन बसवा, ८५,००० होतील. मी १९८१ ची बी.कॉम. आहे. न उघडलेल्या दाराचं अंदाजपत्रक मला पटेना. मग शेजारच्या वहिनींनी ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्या एका कारागिराला पाठवलं. तिशीतला मुलगा होता. त्याने पल्ले दोनदा उघडले, मिटले आणि म्हणाला, "काकू, दार चांगलं आहे. रबर मेलंय. आणि तुम्ही त्याला तेल पाजलंय का?"

पाजलं होतं! दार आवाज करतं म्हणून दोन वर्षं मी शिलाई मशीनचं तेल सगळीकडे सोडत होते, रबरावरसुद्धा. त्याने समजावलं की अशा तेलाने हे रबर खराब होतं. बाकीचं काम पश्चिमेच्या उन्हाने केलं. शिवाय रबर म्हणजे आत पोकळ नळी असते. दार मिटलं की ती चेपते आणि फट भरते, उघडलं की पुन्हा फुगते. वर्षानुवर्षं चेपून चेपून ती एक दिवस चेपलेलीच राहते. मग दार मिटलेलं दिसतं, पण फट उघडीच असते.

माझी दुसरी करामतही त्याला सापडली. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं होती. मुंग्या तिथूनच येतात असं समजून मी ती पुट्टीने बुजवली होती. ती भोकं ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. ती बंद केल्यावर पाणी जाणार कुठे? आतच येणार. तीन वर्षं मी चादरी पिळत होते ते माझ्याच कृपेने.

आता काम कसं केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला उपयोगी पडेल.

सगळ्यांत आधी मी खाचांमधल्या जिवंत मुंग्या मऊ कुंचल्याने कागदावर घेऊन कोरड्या कुंडीत सोडल्या. त्यात पाऊण तास गेला. तो मुलगा गाडीवर टेकून फोन बघत थांबला, पण घाई केली नाही.

मग त्याने पल्ले सरळ केले. एक पल्ला खाली बसला होता, बिजागरीचा स्क्रू फिरवून तो वर घेतला. हे आधीच करायचं. वाकड्या पल्ल्याला नवीन रबर लावलं तर ते एका बाजूला घासून फाटतं आणि दुसरीकडे फट तशीच राहते.

जुनं रबर ओढून काढलं आणि त्याचा वीतभर तुकडा नमुना म्हणून दुकानात नेला. नुसतं माप सांगून भागत नाही, कारण खाचेत बसणारा भाग प्रत्येक दाराचा वेगळा असतो. मी सोबत गेले होते. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक स्वस्त पीव्हीसीचं, तेच आमच्याकडे होतं. ते उन्हाने कडक होतं. दुसरं ईपीडीएम रबर. ते थोडं महाग, पण ऊन-पाऊस चांगलं सोसतं. मी दुसरं घेतलं. उभ्या कडा पाच, प्रत्येकी ७ फूट, म्हणजे ३५ फूट. वरची कड १० फूट. खाली ब्रशाची पट्टी आतून आणि बाहेरून मिळून २० फूट. हिशेब मीच मांडला, वर दोन फूट जास्तीचे घेतले.

खाचा जुन्या टूथब्रशने साफ करून पूर्ण कोरड्या केल्या. रबर बसवताना तो मुलगा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: ओढायचं नाही. ताणून बसवलं की त्या दिवशी छान दिसतं, पण काही दिवसांनी आखडतं आणि नेमक्या कोपऱ्यांत फटी पडतात. म्हणून अंगठ्याने थोडं थोडं दाबत जायचं आणि टोकाला किंचित लांबच कापायचं. कोपऱ्यात दोन्ही तुकडे तिरके कापून एकमेकांना भिडवायचे. खालची भोकं मोकळी केली आणि बाहेरून बारीक जाळीचे तुकडे लावले, म्हणजे पाणी जाईल पण मुंगी येणार नाही. ती जाळी आठवड्यातून एकदा झटकावी लागते.

शेवटी कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राची पट्टी पल्ल्याच्या कडेत धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघून आली तर तिथे फट आहे. अडून राहिली तर काम झालं. नातीने वीस ठिकाणी परीक्षा घेतली. दोन ठिकाणी नापास झालो, तिथे रबर पुन्हा बसवलं. रात्री हॉलमधला दिवा बंद करून ह्यांनी गॅलरीतून बॅटरी मारली. आत उजेडाची एकही रेघ दिसली नाही.

मजुरीसकट खर्च अडीच हजारांच्या आत आला. त्याच रात्री पाऊस आला. मी दोनदा उठून उंबऱ्याला हात लावून पाहिला. कोरडा होता. सकाळी दिव्याखाली पंख नव्हते.

मैत्रिणींनो, सगळं ठीक झालं. पण त्या मुंग्या काही परत आल्या नाहीत.

आपण पिठाची मर्यादा पाळतो. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. गाळलेल्या पाण्याची ४८ मिनिटं पाळतो. माझ्या सासूबाई डब्यावर तिथी लिहून ठेवायच्या, मीही लिहिते. पण रबरालाही मर्यादा असते, हे माझ्या मनात आलं नाही. कॉलेजात घसारा शिकले होते. दरवर्षी वस्तूची किंमत थोडी कमी धरायची, म्हणजे ती संपेल तेव्हा आपण तयार असतो. दाराचा घसारा मी एकदाही धरला नाही.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे, तिच्यात प्रमाद आधी येतो. इतकी वर्षं दशलक्षणात सातवा अध्याय ऐकला आणि वाटायचं की प्रमाद म्हणजे आळस, आणि मी कुठे आळशी आहे? पहाटे पाचला उठते. यंदा तो अध्याय ऐकताना कळलं की माझी हिंसा खडू हातात घेतला त्या रात्री सुरू झाली नव्हती. शिट्टी वाजत होती आणि आम्ही हसत होतो, तेव्हाच ती सुरू झाली होती. दोन दिवसांनी नववा अध्याय आला, संवराचा. नावेला भोक पडलं की नुसतं पाणी उपसून भागत नाही, आधी भोक बुजवावं लागतं, हा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. मी तर चादरीने पाणी उपसत होते आणि बाहेर जायची भोकं तेवढी बुजवून बसले होते.

मंदिरात आलेल्या माताजींना सगळं सांगितलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. एक उपवास दिला आणि म्हणाल्या, "नातीला खरं सांगा." ते उपवासापेक्षा जड गेलं. तिला जवळ घेऊन सांगितलं की त्या मुंग्या आजीच्या हातून मेल्या, आजी चुकली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आता दार घट्ट आहे ना?"

तर आता मी एक नियम घेतला आहे. दरवर्षी अक्षय्यतृतीयेनंतर, पापड-सांडग्यांची वाळवणं उरकली की दाराचं काम काढायचं. रबर रिठ्याच्या पाण्याने पुसून कोरडं करायचं, बोटाने दाबून बघायचं, कागदाची पट्टी ओढायची. ट्रॅकची भोकं मोकळी आहेत का ते पाहायचं. तेलाची बाटली जवळ आणायची नाही. फार तर सिलिकॉनचा हलका हात द्यायचा. वर्षातून तासाभराचं काम आहे.

तुमच्या दारांना वारा शिट्टी घालत असेल तर पुढच्या पावसाची वाट बघू नका. आणि कपाटाच्या वरच्या फळीवर खडू असेल तर तो आजच काढून टाका.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.